पार्टी मास्टर चढवण्याआधी खातेपान ठरवा

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मला समजला तो असा: इंदूरच्या सियागंजात हार्डवेअर आणि पाइप-फिटिंगचं घाऊक दुकान, सांवेर रोडला गोदाम, जुना हिशेब टॅलीत, आणि आता काकांनी क्लाउडवरचं सॉफ्टवेअर घेतलंय. त्यात एक्सेलच्या फाइलींतून १,३०० पार्ट्या (गिऱ्हाइकं आणि पुरवठादार) आणि ४,८०० आयटम चढवायचेत. पार्ट्यांची फाइल पहिल्यांदा चढवली तेव्हा नऊशेच्या आसपास ओळी आत गेल्या, चारशे अडकल्या. तुम्ही त्या चारशे दुरुस्त केल्या आणि पूर्ण फाइल पुन्हा चढवली. आता नऊशे पार्ट्या दोन-दोनदा दिसतायत, दुकानातल्या मुलांनी त्यांतल्या काहींवर बिलंही काढलीत, आणि तुम्ही विचारताय की फाइलचा फॉरमॅट नक्की कुठे चुकतोय.

फॉरमॅट कुठे चुकतो ते सांगतेच, पण मला त्या अडकलेल्या चारशेपेक्षा आत गेलेल्या नऊशेची जास्त काळजी वाटते. अडकलेली ओळ निदान ओरडून सांगते की माझ्यात दोष आहे. नऊशे ओळी दुसऱ्यांदा आत गेल्या त्या गुपचूप, कारण 'ही तीच जुनी पार्टी' हे सॉफ्टवेअरला कळण्यासारखं त्या फाइलीत काहीच नव्हतं. तेव्हा तुमचा खरा प्रश्न ओळखीचा आहे. तो सुटला की फॉरमॅटच्या चुका दोन दिवसांत निस्तरता येतात. तो तसाच राहिला तर निर्दोष फाइलसुद्धा पुढच्या वेळी पुन्हा दुप्पट करील.

इंदूरमध्ये एकोणीस वर्षं मी हेच काम करते आहे. पालद्याच्या डाळमिला, नमकीनवाले, पीथमपूरचे सुटे भाग बनवणारे, सगळ्यांचे मास्टर, म्हणजे पार्ट्यांच्या आणि आयटमच्या मूळ याद्या, चढवलेत. त्या अनुभवावरून लिहिते आहे. मात्र तुम्ही सॉफ्टवेअरचं नाव दिलेलं नाही, आणि तीन गोष्टी सॉफ्टवेअरगणिक बदलतात. त्या तुम्हालाच तपासाव्या लागतील.

एक, फाइलीत काही ओळी चुकीच्या असल्या तर बाकीच्या आत जातात की अख्खी फाइल परत येते? तुमचं पहिल्या प्रकारचं दिसतं. अशा ठिकाणी दुरुस्तीनंतर फक्त अडकलेल्या ओळींची वेगळी फाइल करून चढवायची. दोन, 'नव्या नोंदी घाला' आणि 'असलेल्या नोंदी बदला' हे दोन पर्याय वेगळे आहेत का, आणि असलेली नोंद ते कशावरून ओळखतं: नावावरून, स्वतः दिलेल्या क्रमांकावरून, की तुम्ही दिलेल्या कोडवरून? तीन, आणि हे फार थोडे लोक बघतात: बदल करताना रिकामा सोडलेला सेल म्हणजे 'आहे ते राहू द्या' की 'आहे ते पुसा'? दोन्ही प्रकारची सॉफ्टवेअर मी वापरली आहेत. फक्त मोबाइल नंबर बदलायला म्हणून चढवलेल्या फाइलीने सगळ्यांच्या उधारीच्या मर्यादा पुसल्या गेलेल्या मी पाहिल्यात. एका पार्टीची एक ओळ घ्या, एक सेल मुद्दाम रिकामा ठेवा, चढवा आणि बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

आता ओळखीबद्दल. मराठीतून पुस्तपालन शिकलेल्यांना रोजकीर्दीतला 'खा.पा.' हा अरुंद रकाना आठवत असेल. खातेपान, म्हणजे ही नोंद खतावणीच्या, म्हणजे खात्यांच्या वहीच्या, कोणत्या पानावर गेली त्याचा आकडा. कीर्दीत नाव 'रामचंद्र आणि मंडळी' लिहा, 'रामचंद्र मं.' लिहा, नाहीतर घाईत नुसतं 'रामचंद्र', पान १४७ म्हणजे १४७. नाव माणसाला वाचायला होतं, जुळवणी पानावरून व्हायची. क्लाउडच्या सॉफ्टवेअरला नेमकं हेच हवं असतं. ओडू या सॉफ्टवेअरमध्ये त्याला एक्स्टर्नल आयडी म्हणतात, सेल्सफोर्समध्येही त्याच नावाची सोय आहे, ईआरपीनेक्स्टमध्ये असलेल्या नोंदी बदलायच्या तर फाइलीत आयडीचा कॉलम लागतो. नावं वेगळी असली तरी काम खातेपानाचंच.

लोक म्हणतात, नाव आहे ना, जीएसटी नंबर आहे ना, मग वेगळा कोड कशाला? नावाचं वर सांगितलंच. जीएसटी नंबर जुळवणीला फार उपयोगी आहे, पण एकट्यावर भागत नाही. नोंदणी नसलेल्या छोट्या गिऱ्हाइकांकडे तो नसतोच. एकाच राज्यातली दोन दुकानं एकाच नंबरवर चालतात आणि तुम्हाला माल दोन पत्त्यांवर पाठवायचा असतो. आणि एकट्याच्या मालकीची पेढी उद्या भागीदारीत गेली की पॅन बदलतो, पॅन बदलला की जीएसटी नंबरही बदलतो. मोबाइल नंबर तर विचारातही घेऊ नका.

म्हणून कोड तुमचा स्वतःचा असावा. मी सी१०००१ पासून सुरू करते, पुरवठादारांसाठी व्ही१०००१, आणि आकडा एकेकाने वाढवते. सुरुवातीला अक्षर हवंच, त्याचं कारण पुढे येईल. कोडमध्ये अर्थ भरू नका. शहराचं आद्याक्षर, गटाचा आकडा, सेल्समनची खूण हे सगळं घालायचा मोह होतो, आणि देवासची पार्टी उज्जैनला गेली की तो कोड खोटं बोलू लागतो. एकदा दिलेला कोड पार्टी बंद झाली तरी दुसऱ्याला देऊ नका. आणखी एक काम आवर्जून करा: हाच कोड टॅलीत त्या त्या लेजरला (खात्याला) उपनाव, म्हणजे एलियस म्हणून टाका. महिन्याभराने बाक्या आणायच्या असतील तेव्हा जुनं आणि नवं यांच्यामध्ये तोच पूल असेल.

तुमच्या सध्याच्या गोंधळाकडे वळू. घाईने काही खोडू नका. क्लाउडवर कालचा दिवस परत आणायची सोय बहुतेकदा आपल्या हातात नसते. आधी सगळ्या पार्ट्या सॉफ्टवेअरच्या अंतर्गत क्रमांकासह आणि नोंद केल्याच्या तारीख-वेळेसह उतरवून घ्या. दुसऱ्या फाइलीतून आलेल्या नोंदींची वेळ एकमेकींच्या अगदी जवळ असेल, त्यावरून मूळ कोणती आणि जोड, म्हणजे दुसऱ्यांदा आलेली, कोणती ते वेगळं काढता येईल. मग बिलांचं रजिस्टर उतरवा आणि एक्सेलचं काउंटइफ हे सूत्र लावून प्रत्येक पार्टी क्रमांकावर किती बिलं आहेत ते मोजा.

ज्या जोडनोंदीवर बिल नाही ती काढून टाका. नऊशेंपैकी बहुतेक याच ढिगात असतील. जिथे बिलं फक्त जोडनोंदीवर आहेत तिथे तीच ठेवा आणि मूळ काढा. दोन्हींवर बिलं असतील तिथे विलीनीकरणाची सोय शोधा. ईआरपीनेक्स्टमध्ये नोंदीचं नाव बदलताना ती दुसऱ्या नोंदीत मिसळता येते, तशी तुमच्याकडेही असू शकते. ती नसेल तर बिलं रद्द करून नव्याने काढायच्या फंदात पडण्याआधी थांबा. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवरच्या उलाढालीला ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) लागतो आणि तो पोर्टलवर २४ तासांच्या आतच रद्द होतो. तुम्ही त्या कक्षेत असाल तर आठवडाभरापूर्वीचं बिल पुसता येणार नाही, क्रेडिट नोट काढावी लागेल. त्यापेक्षा जोडनोंदीवरची वसुली होऊ द्या आणि मग ती निष्क्रिय करा. तोवर नावापुढे 'वापरू नका' असं लिहून ठेवा म्हणजे काउंटरवरची मुलं ती निवडणार नाहीत.

हे उरकलं की राहिलेल्या प्रत्येक नोंदीला तुमचा कोड द्या. त्यानंतर चारशेंकडे वळा.

तुमच्या चारशे का अडकल्या हे त्रुटींची फाइल बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, पण हार्डवेअरच्या धंद्यात काही कारणं पुन्हा पुन्हा भेटतात. त्यातलं मोठं कारण एक्सेलची मदत करायची सवय. तुम्ही जे टाइप करता त्याचा अर्थ एक्सेल स्वतः लावतं. मापाच्या कॉलममध्ये १/२ लिहिलं की भारतीय सेटिंगमध्ये १ फेब्रुवारी होतो, ३/४ चा ३ एप्रिल. पाइप-फिटिंगवाल्यांच्या फाइलीत मी एल्बो आणि टी यांच्यापुढे तारखा पाहिल्या आहेत. हा त्रास फक्त आपल्याला नाही. मानवी जनुकांच्या काही नावांच्या एक्सेलमध्ये मार्च आणि सप्टेंबरच्या तारखा व्हायच्या, म्हणून २०२० मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने ती नावंच बदलली. मापं 'अर्धा इंच', 'पाऊण इंच' अशी शब्दांत लिहा, किंवा मिलिमीटरमध्ये: १५, २०, २५.

इंचाच्या खुणेबद्दल वेगळं सांगायला हवं. आपण आकड्यापुढे दोन छोट्या रेघा मारतो ती खूण म्हणजे कीबोर्डवरचं दुहेरी अवतरणचिन्ह. सीएसव्ही फाइलीत (सेल स्वल्पविरामांनी वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या फाइलीत) तेच चिन्ह 'इथून इथपर्यंत एक सेल' हे सांगायला वापरतात. एक्सेल स्वतः फाइल जतन करतं तेव्हा ते चिन्ह दुप्पट करून सांभाळून घेतं, पण कोणी नोटपॅडमध्ये उघडून हाताने दुरुस्ती केली की एका आयटमचं नाव पुढच्या चार ओळी गिळून टाकतं. त्रुटीचा संदेश भलत्याच ओळीवर दिसतो आणि माणूस तासन्‌तास चुकीच्या जागी शोधत बसतो. नावांतून ती खूण काढून टाका, 'इंच' लिहा.

आकड्यांचं दुखणं तसंच. पुढचा शून्य उडतो. राजस्थानचा राज्य क्रमांक ०८ चा ८ होतो, काही बँक खात्यांचे पुढचे शून्य जातात, आणि मसाल्याच्या व्यापाऱ्यांचे तर एचएसएनच (जीएसटीसाठीचे वस्तूंचे वर्गीकरण क्रमांक) पांगळे होतात: जिरं-धण्यांचा ०९०९ हा ९०९ उरतो. तुमचे एचएसएन ७३०७, ३९१७, ८४८१ असे असल्याने इथे तुम्ही वाचलात. मोठ्या आकड्यांत एक्सेल पंधरा अंकच नीट ठेवतं, सोळाव्यापासून पुढे शून्य भरतं. म्हणून सोळा अंकी खाते क्रमांकाचा शेवटचा अंक कायमचा गेला असेल तर तो फाइलीतून परत मिळत नाही, पासबुकच बघावं लागतं. तेरा अंकी बारकोड ८.९ई+१२ असा दिसू लागतो, आणि सीएसव्ही जतन करताना जे पडद्यावर दिसतं तेच फाइलीत जातं. दर १२.३४६ असेल आणि सेल दोनच दशांश दाखवत असेल तर १२.३५ जाईल. कोडच्या सुरुवातीला अक्षर का, ते आता लक्षात आलं असेल. पण आकड्यांच्या मध्ये इंग्रजी ई असलेला कोडही टाळा, त्याला एक्सेल घातांक समजतं.

यावर मार्ग असा की कॉलम आधी टेक्स्ट करायचा, मग त्यात मजकूर चिकटवायचा. नंतर टेक्स्ट केल्याने गेलेला शून्य परत येत नाही. टॅलीतून किंवा सॉफ्टवेअरमधून आलेली सीएसव्ही दोनदा क्लिक करून उघडू नका, डेटा मेनूतून आयात करा आणि तिथे कॉलमचा प्रकार निवडा. सगळ्यात जास्त नुकसान मी पाहिलंय ते तयार, तपासलेली फाइल 'एकदा बघून घेऊ' म्हणून उघडण्यात आणि बंद करताना सवयीने सेव्ह दाबण्यात. चढवायची फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि तिला हात लावू नका. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये हे आपोआप होणारे काही बदल बंद करण्याची सोय एक्सेलच्या पर्यायांत दिली आहे. पुढचे शून्य, लांब आकडे आणि ई यांचा त्रास तिने कमी होतो. १/२ साठी मात्र तिच्यावर विसंबू नका. आणि तुमचं सॉफ्टवेअर थेट एक्सेल फाइल घेत असेल तर सीएसव्हीच्या वाटेला जाऊच नका.

तारखांची एक खूण सांगते. दिवस आणि महिना यांची अदलाबदल झाली असेल तर १२ पर्यंतचे दिवस गुपचूप उलटतात, ५ जूनचा ६ मे होतो, आणि १३ पासूनचे दिवस तारीख न होता मजकूर म्हणून राहतात. कॉलमची डावी-उजवी मांडणी (अलाइनमेंट) काढून टाका: खऱ्या तारखा उजवीकडे सरकतील, मजकूर डावीकडे. दोन्ही बाजूंना दिसल्या तर उजवीकडच्यांवर विश्वास ठेवू नका.

आता नावं. आपल्याकडच्या फाइलीत शहराच्या कॉलममध्ये इंदूर, इंदौर आणि इन्दौर ही तिन्ही रूपं हमखास असतात, आणि बडोद्याची पार्टी असेल तर बडोदा, वडोदरा, बरोडा. माणसाला एकच गाव दिसतं, सॉफ्टवेअरला तीन. शहर, राज्य, गट, उधारीची मुदत, एकक हे सगळे कॉलम असे आहेत की त्यातला मजकूर सॉफ्टवेअरच्या यादीतल्या नावाशी अक्षरशः जुळावा लागतो. माझ्या अनुभवात अडकलेल्या ओळींत सर्वांत मोठा वाटा याच कॉलमांचा असतो. एक्सेलचा पिव्होट तक्ता लावून प्रत्येक कॉलममधली वेगवेगळी मूल्यं काढा, शेजारी प्रमाण रूप लिहा, आणि व्हीलुकअप या सूत्राने बदला. हाताने शोधून बदलू नका, कारण पुढच्या फाइलीला हीच तक्ता-यादी पुन्हा कामी येते. शब्दामागे राहिलेली मोकळी जागा ट्रिम या सूत्राने जाते, पण वेबपेजवरून चिकटवलेल्या नावांत एक न तुटणारी जागा असते, तिचा क्रमांक १६०, ती ट्रिमला जुमानत नाही. ती सब्स्टिट्यूटने बदलावी लागते.

देवनागरीत नावं असतील तर आणखी दोन सापळे. जुन्या मुनीमजींनी कृतिदेव या फॉन्टमध्ये टाइप केलेली नावं फक्त त्या फॉन्टमध्ये देवनागरी दिसतात. आत साधी रोमन अक्षरं असतात आणि क्लाउडवर ती तशीच उघडी पडतात. ती युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि बदलल्यावर ऱ्हस्व इकार आणि रफार डोळ्यांनी तपासा. दुसरा सापळा खास आपल्या मराठीचा आहे. कुऱ्हाडे, गोऱ्हे अशा आडनावांतला तो अर्धा र दोन वेगळ्या पद्धतींनी टाइप होतो, एकात नुक्ता असलेला ऱ असतो आणि दुसऱ्यात साध्या र पुढे न दिसणारा जोडक. छापून बघा, दोन्ही सारखे दिसतात. संगणकासाठी ही दोन वेगळी माणसं. इथेही पुन्हा तेच, जुळवणी नावावर नको, कोडवर हवी. आणि सीएसव्ही जतन करताना यूटीएफ-८ लिहिलेला प्रकारच निवडा, साध्या सीएसव्हीत देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.

क्रमाचं थोडक्यात सांगते, कारण हे एकदा कळलं की विसरत नाही: ज्याचा उल्लेख होतो ते आधी, जे उल्लेख करतं ते नंतर. एककं, कराचे साचे (दर ठरवलेले तयार नमुने), आयटमचे गट, उधारीच्या मुदती हे पहिल्या दिवशी. मग पार्ट्या आणि आयटम. मग पत्ते आणि संपर्क, जे बहुतेक ठिकाणी वेगळ्या फाइलीतून पार्टीच्या कोडला जोडून जातात. मग दरांच्या याद्या. सुरुवातीचा साठा आणि येणी-देणी सगळ्यात शेवटी.

कराच्या साच्याला मी आयटमपासून वेगळं ठेवायला सांगते त्याला ताजं कारण आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक वस्तूंसाठी गेले. आपल्या इंदूरच्या नमकीनचाच दर १२ वरून ५ वर आला. ज्यांनी प्रत्येक आयटमच्या ओळीत टक्केवारी आकड्यात कोंबली होती त्यांना अख्खी फाइल बदलावी लागली, ज्यांनी साच्याचं नाव जोडलं होतं त्यांना मोजके साचे बदलावे लागले. तुमची टॅलीची यादी त्या तारखेआधी उतरवलेली असेल तर दर पुन्हा तपासा.

आयटमच्या फाइलीत सर्वांत जास्त वेळ कुठे द्यावा असं कोणी विचारलं तर मी मूळ एककाकडे बोट दाखवते. पाइप तुम्ही नगावर विकता, मीटरवर की फुटावर? खरेदी सहा मीटरच्या नगांत, विक्री कधी नगात तर कधी कापून फुटांत, आणि स्क्रू खरेदी किलोवर, विक्री शेकड्यावर. नाव चुकलं तर उद्या बदलता येतं, गट बदलता येतो. मूळ एकक मात्र एकदा त्या आयटमवर साठ्याची उलाढाल झाली की बहुतेक सॉफ्टवेअर बदलू देत नाहीत. नवा आयटम उघडून साठा हलवावा लागतो. म्हणून काकांना आणि गोदामातल्या जुन्या माणसाला एका दुपारी बसवा आणि ४,८०० आयटमच्या गटागटाने ठरवून घ्या. साठा ज्या सगळ्यात लहान मापात मोजावा लागतो तेच मूळ एकक, बाकीची रूपांतरणाने. सीरियल नंबर किंवा बॅच ठेवायची का, हेही त्याच बैठकीत ठरवा. एककांची नावं जीएसटीच्या यादीतलीच घ्या, विवरणपत्रात तीच लागतात.

चाचणीसाठी लोक पहिल्या दहा ओळी घेतात. त्या दहा ओळी बहुधा सर्वांत नीटनेटक्या असतात, त्यांवरून काहीच कळत नाही. सगळ्यात अवघड वीस ओळी निवडा: सर्वांत लांब नाव, पत्त्यात स्वल्पविराम असलेली, एकाच सेलमध्ये दोन ओळी टाकलेली, जीएसटी नसलेली, दोन पत्त्यांची, देवनागरीतली, परराज्यातल्या म्हणजे कोट्याची आणि नाशिकची. शक्य असेल तर सॉफ्टवेअरमध्ये चाचणीची वेगळी कंपनी उघडून तिथे चढवा. तीच फाइल मुद्दाम दुसऱ्यांदा चढवा. दुसऱ्या वेळी एकही नवी नोंद झाली नाही तर तुमचं खातेपान काम करतंय.

पूर्ण फाइल चढवल्यावर ती परत उतरवा आणि जुळवा. पहिली जुळवणी संख्येची. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये करोनाचे १५,८४१ रुग्ण काही दिवस मोजणीतून गळाले, कारण जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलीत ६५,५३६ च्या पुढे ओळी मावत नाहीत आणि उरलेल्या निमूटपणे कापल्या गेल्या. तेव्हा संख्या बघाच. पण संख्येवर थांबू नका, हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगते.

२०१८ मध्ये पीथमपूरच्या एका कारखान्यासाठी सहाशेच्या आसपास ग्राहक मी चढवले. संख्या जुळली, उधारीच्या मर्यादांची बेरीज रुपयापर्यंत जुळली, मी निर्धास्त झाले. त्याआधी कधीतरी मी नावांचा एकच कॉलम निवडून तो अकारविल्हे लावला होता आणि शेजारचे कॉलम जागेवरच राहिले होते. प्रत्येक नावापुढे दुसऱ्याच कोणाचा तरी जीएसटी नंबर गेला. एकही ओळ अडकली नाही, कारण प्रत्येक नंबर खरा होता. बिलं निघाली, विवरणपत्र भरलं गेलं, आणि मग ग्राहकांच्या हिशेबनिसांचे फोन यायला लागले की आमचं क्रेडिट (खरेदीवरच्या कराची वजावट) दिसत नाही. पुढच्या महिन्यांच्या विवरणपत्रांत एकेक बिल दुरुस्त करावं लागलं. त्या कारखान्यातल्या लेखापाल बाईंनी त्यासाठी किती संध्याकाळी घालवल्या ते मला माहीत आहे, मी शेजारी बसले होते.

त्या दिवसापासून मी ओळीच्या आतली जुळवणी करते. जीएसटी नंबरचे पहिले दोन अंक पत्त्यातल्या राज्याशी जुळतात का: मध्य प्रदेश २३, गुजरात २४, महाराष्ट्र २७, राजस्थान ०८. तुमच्याकडे बहुतेक पार्ट्या २३ च्याच असतील, त्यामुळे एवढ्याने सगळं पकडलं जाणार नाही. मग आतला पॅन बघा, तो तिसऱ्यापासून बाराव्या स्थानापर्यंत असतो. पॅनचं चौथं अक्षर प्रकार सांगतं: व्यक्तीला पी, भागीदारी पेढीला एफ, कंपनीला सी, हिंदू अविभक्त कुटुंबाला एच. नावात प्रायव्हेट लिमिटेड आहे आणि अक्षर पी, तर थांबा. पाचवं अक्षर व्यक्तीच्या बाबतीत आडनावाचं पहिलं, आणि पेढी किंवा कंपनी असेल तर तिच्या नावाचं पहिलं. मिड हे सूत्र वापरून ही दोन अक्षरं शेजारच्या कॉलममध्ये काढा आणि नावाशी ताडून बघा. माझी २०१८ ची चूक या एका कॉलमने दहा मिनिटांत उघडी पाडली असती. शून्य आणि इंग्रजी ओ यांची गफलतही याच पद्धतीने सापडते, कारण पॅनमध्ये पहिली पाच अक्षरं, मग चार अंक, मग एक अक्षर अशी जागा ठरलेली आहे. बँक शाखेच्या आयएफएससी कोडमध्ये पाचव्या जागी नेहमी शून्य असतो, तिथे ओ टाइप केलेला अनेकदा सापडतो.

आणि क्रमवारी लावायची असेल तेव्हा आधी संपूर्ण तक्ता निवडायचा, डाव्या टोकाच्या कोडसकट.

आज लगेच करायचं म्हणाल तर मुलांना जोडनोंदींवर बिलं काढू देऊ नका आणि सगळ्या पार्ट्या अंतर्गत क्रमांकासह उतरवून ठेवा. सॉफ्टवेअरचं नाव आणि त्रुटींच्या फाइलीतल्या पाच-सहा ओळी लिहून पाठवा, जीएसटी आणि खाते क्रमांकांचे मधले अंक झाकून. त्या चारशेंपैकी कितींचं कारण एकच आहे ते त्यावरून सांगता येईल.